पिशवीतली पिशवी

तुम्ही विचारा, बाई उत्तर देतील

मागच्या अंकात एका वाचकाने विचारलं होतं, देह नश्वर आहे तर त्याचे एवढे लाड कशाला? उत्तर देता देता मी एक वाक्य लिहून गेले : देहाबद्दल तत्त्वज्ञान सांगणाऱ्या बहुतेकांना पाळी कधी आली नव्हती, आणि ते त्यांच्या लिखाणात दिसतं. एवढ्या एका वाक्यावर तेवीस पत्रं आली. एकतीस वर्षं तालुक्याच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं, तिथे अख्ख्या वर्षात तेवीस प्रश्न कधी आले नाहीत. संपादक म्हणाले, हा महिना पाळीलाच देऊन टाका. त्यातली चार पत्रं घेते आहे. नावं छापत नाही.

प्रश्न : बाई, मी चिंचवडला एका कंपनीत इंजिनिअर आहे. गेल्या महिन्यात माझ्या सात वर्षांच्या मुलीने बाथरूममध्ये पॅड बघितलं आणि विचारलं, "आई, तुला कुठे लागलंय?" मी तिला "हे नॅचरल असतं" वगैरे सांगितलं. पण खरं म्हणजे ते मलाच पटत नाही. त्या दिवसांत वाटतं की मी एक आणि माझं शरीर दुसरंच कुणीतरी, आणि ते मला न विचारता काहीतरी करतंय. असं वाटणं चूक आहे का? आणि मुलीला काय सांगू?

उत्तर : आधी मुलीचं बघू, कारण तिचा प्रश्न तुझ्यापेक्षा नेमका आहे. रक्त दिसलं म्हणजे कुठेतरी लागलं, हे अनुमान सातव्या वर्षी अगदी रास्त आहे. गुडघा फुटला तेव्हा तिने तेच पाहिलं. तिला सांग, लागलेलं नाही. आतलं अस्तर सुटून पडतं आणि तिथे नवं येतं. गुडघ्यावर व्रण राहिला, इथे राहत नाही. महिन्याच्या महिन्याला एवढं सोलून निघायचं आणि पुन्हा खूण न ठेवता भरून यायचं, अशी दुसरी जागा मोठ्या माणसाच्या अंगात मला तरी माहीत नाही. जातं ते सगळं रक्तही नसतं. साधारण निम्मं रक्त, बाकीचे अस्तराचे कण आणि स्राव. सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे वाढायचे नव्हे, खायचे मोठे दोन-तीन चमचे. ८० च्या वर जात असेल तर मात्र "नॅचरल" म्हणून सोडून द्यायचं नाही, दाखवायचं.

आमच्या घरी वाईजवळच्या गावात गोठा होता. मी नऊ-दहा वर्षांची असताना आजीला विचारलं होतं, "कपिलेला कावळा का शिवत नाही गं?" आजीने पाठीत धपाटा घातला. उत्तर मिळायला चाळिशी उलटावी लागली. गाईचं गर्भाशय वाट बघतं. गर्भाकडून निरोप आला की मग रुजवण्याची पुरी तयारी. बाईचं तसं नाही. निरोप नाही, पत्र नाही, तरी दर महिन्याला पाहुण्याचं अंथरूण घालून ठेवायचं, आणि कोणी आलं नाही की गुंडाळायचं. असं करणारे प्राणी थोडेच. आपण, वानरं, आफ्रिका-आशियातली माकडं, काही वटवाघळं, एक लांब नाकाची चिचुंद्रीसारखी जात, आणि ज्याला पाळी येते हे २०१७ च्या आसपास कळलं असा एक काटेरी उंदीर. (कुत्रीचं रक्त जातं ते हे नव्हे. ते माजावर येण्याआधीचं असतं.)

अंथरुणाची ही उपमा मी वर्गात बरीच वर्षं वापरली. पोरं हसायची, पोरी खाली बघायच्या. मग आमच्या प्राणिशास्त्राच्या मॅडमनी स्टाफरूममध्ये चहा पिता पिता ती मोडून काढली. त्या म्हणाल्या, माणसाचा गर्भ फार आत घुसतो, थेट आईच्या रक्तवाहिन्यांपर्यंत. अस्तर आधीच जाड होऊन बसतं ते पाहुण्याच्या आरामासाठी नव्हे, त्याला आवरण्यासाठी आणि पारखण्यासाठी, असं आता बरेच शास्त्रज्ञ मांडतात. न टिकणारा गर्भ तिथेच अडतो. म्हणजे अंथरूण कमी, उंबरठा जास्त. तेव्हापासून "मूल न झाल्याने गर्भाशय रडतं" ही कविकल्पना मला ऐकवत नाही. उंबरठा कधी रडतो का?

आता तुझं. "मी एक आणि शरीर दुसरं" हे वाटणं चूक नाही, पण रेघ तू चुकीच्या जागी ओढली आहेस. आपली भाषाच बघ. आपण म्हणतो, मी चालते, मी जेवते. पण मला भूक लागते, मला झोप येते, मला ताप येतो, मला पाळी येते. व्याकरणात इथे "मी" कर्ता नाहीच. पाळी येणारी, आणि मी जिच्याकडे ती येते ती. तुझी तक्रार हीच ना, की मला न विचारता होतं? मराठीने ते कधीच मान्य केलंय.

पण पुढे बघ. मला राग येतो. मला आठवण येते. मला सुचतं. मला आवडतं. हे तर मनाचे व्यापार, आणि इथेही तू कर्त्याच्या खुर्चीत नाहीस. तुला कंपनीत एखादा तिढा सुटतो तेव्हा तू "मला सुचलं" म्हणतेस, "मी सुचवून घेतलं" म्हणत नाहीस. मग "मन म्हणजे मी, आणि शरीर म्हणजे परकं" ही वाटणी टिकत नाही. परकं म्हणायचं तर सुचणंही परकं. आणि सुचणं आपलं म्हणायचं असेल, तर पाळीनेच काय घोडं मारलं? हृदय तुला विचारून ठोके देत नाही, आतडी विचारून पचवत नाहीत. ती गुपचूप करतात म्हणून तुला त्यांचा राग येत नाही. पाळी दिसते, दुखते आणि मीटिंगच्या मध्ये येते. तुझा राग शरीर न विचारता करतं यावर नाही, ते आवाज करतं यावर आहे. त्या रागाला माझी हरकत नाही. मलाही यायचा. दुखण्याची गोळी मी कधी तत्त्वासाठी नाकारली नाही.

मुलीला एवढंच सांग की लागलेलं नाही. बाकीचं ती पंधरा वर्षांची झाली की तिला आपोआप सुचेल.

प्रश्न : माननीय बाई, आपण स्त्रियांची बाजू घेता हे ठीक. परंतु शास्त्राने मल, मूत्र, घाम हे सर्वच अशुद्ध मानले आहे आणि सोवळे-ओवळे पुरुषासही आहे. मग एकट्या मासिक धर्माविषयीच अन्यायाची ओरड का? शिवाय त्या चार दिवसांत घरच्या स्त्रीला सक्तीची विश्रांती मिळत असे. तेव्हाच्या लोकांचा हा शास्त्रीय विचार आपण लक्षात का घेत नाही? (निवृत्त मुख्याध्यापक, मिरज)

उत्तर : तुम्ही शास्त्राचं नाव काढलंत, तेव्हा शास्त्रच उघडू. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात माणसाच्या देहाचे बारा मल मोजले आहेत. चरबी, वीर्य, रक्त, मज्जा, मूत्र, विष्ठा, नाकाचा मळ, कानाचा मळ, कफ, अश्रू, डोळ्यांची चिपडं, घाम. वीर्य दुसऱ्या क्रमांकावर आहे, अश्रूसुद्धा सुटलेले नाहीत. यादी न्याय्य आहे, सगळ्यांचीच नावं घेते. मग रडलेल्या माणसाला तीन दिवस पडवीत का बसवत नाहीत? वीर्य गेलं तर एक आंघोळ आणि गडी देवघरात. तुमचा मुद्दा असा की अशुद्धी सगळ्यांना आहे. माझा असा की धुण्याने जी सगळ्यांची जाते, ती हिचीच का मोजून तीन रात्री राहते? यादीत याचं उत्तर नाही.

विश्रांतीचं मी डोळ्यांनी पाहिलंय, तेव्हा त्याविषयी जरा सविस्तर लिहिते.

आमच्या आजीच्या घरी मागच्या पडवीत न्हाणीघराला लागून एक कोपरा होता. तिथे घोंगडी, एक तांब्या-भांडं आणि एक पत्रावळीचा गठ्ठा. जिला कावळा शिवला ती तिथे बसायची आणि तिच्यापुढे सुपात गहू यायचे. कोरड्या धान्याला विटाळ नाही, म्हणून निवडणं-पाखडणं चालायचं. तीन दिवसांत दोन-तीन पायल्या गहू सहज व्हायचे. वर्षाच्या भरण्याचं निम्मं निवडण त्या कोपऱ्यातून निघायचं. विश्रांतीच म्हणायची तर तशी.

एका पौषातलं आठवतं. धाकट्या काकू कोपऱ्यात होत्या आणि त्यांचं आठ-नऊ महिन्यांचं बाळ माजघरात रडत होतं, दूध हवं होतं. आजीने बाळाला उचललं, त्याचं झबलं काढलं, टोपडं काढलं, करगोटासुद्धा काढून उघडं बाळ उंबऱ्याशी ठेवलं आणि मागे झाली. काकूंनी हात लांब करून घेतलं, पदराखाली धरलं. थंडी एवढी की बाळाच्या पाठीवर काटा आलेला मला माजघरातून दिसत होता. मी विचारलं, "झबलं का काढलं?" आजी म्हणाली, "सुताला विटाळ लागतो." आणि बाळाला? "लेकराला कसला विटाळ!" झबलं रेशमी असतं तर तेही चाललं असतं. रेशमाला लागत नाही. लोकरीलाही लागत नाही, म्हणून तर घोंगडी.

मुख्याध्यापक साहेब, आता याला शास्त्रीय कारण लावून दाखवा. जंतू असते तर ते सुती झबल्यावर बसले असते आणि कातडीवर बसले नसते का? कोरड्या गव्हाला लागत नाही आणि भिजवलेल्याला लागतं, असं रक्तात नेमकं काय आहे? हा खटाटोप फक्त आपणच केला असंही नाही. १९२० साली व्हिएन्नातल्या बेला शिक या नामवंत बालरोगतज्ज्ञाने मोलकरणीच्या हातातली फुलं कोमेजली म्हणून पाळीच्या दिवसांत बाईच्या अंगात विष असतं असं मांडलं, त्याला नावही दिलं. पुढे ते टिकलं नाही. विटाळ रक्ताचा गुण नव्हेच. तो घरात कोणी कुठे बसायचं याचा नियम आहे. नियम आहे म्हटलं की तो कोणी केला, कोणासाठी केला, असं विचारता येतं. गुणधर्म म्हटलं की विचारता येत नाही. एवढ्यासाठीच नियमाला गुणधर्माचे कपडे घालतात.

वरच्या पत्रात मी "मला पाळी आली" या वाक्याविषयी लिहिलंय. आता आजीचं वाक्य ऐका : "मी बाहेरची आहे." इथे "मला" गेलं आणि "मी" आली. मला काहीतरी झालं ते संपलं, आता मीच काहीतरी आहे. विटाळशी, अस्पर्श, बाहेरची. ताप आला तर कोणी "मी तापशी" म्हणत नाही. सगळा अन्याय त्या "ला" या प्रत्ययाच्या जाण्यात आहे, असं माझं मत.

हे मत माझं एकटीचं नव्हे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी शिष्येला स्पष्ट सांगितलं की नाकाला शेंबूड येतो, कानात मळ होतो, तसा हाही एक स्राव, येतो आणि थांबतो, याचा विटाळ धरू नये. लीळाचरित्रात आहे. मला ते आवडतं, पण पुरत नाही. शेंबडाच्या रांगेत बसवलं की विटाळ जातो खरा, पण त्याबरोबर त्यात विचार करण्यासारखं काही आहे हेही जातं. शेंबडातून माणूस होत नाही.

पुढच्या शतकात सोयराबाई त्याच्या पुढे गेली. चोखोबाची बायको, स्वतःला "चोखियाची महारी" म्हणवणारी.

देहासी विटाळ म्हणती सकळ। आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध॥
देहीचा विटाळ देहीच जन्मला। सोवळा तो झाला कवण धर्म॥

प्रवचनकार पहिल्या ओळीवर थांबतात. आत्मा निर्मळ, बोला पुंडलिकवरदा, चला प्रसादाला. ती मात्र थांबत नाही. तिने आत्म्याचं एका दमात सांगून टाकलं आणि बाकीचा अभंग देहाला दिला. देहाचा विटाळ देहातच जन्मला, मग सोवळा झाला तो कोण? विटाळावाचून जन्मला असा एक देह दाखवा, म्हणते. ज्या शब्दाने तिला देवळाबाहेर ठेवलं आणि ज्या शब्दाने बाईला पडवीत ठेवलं, तो शब्द एकच, विटाळ. तिला दोन्हीकडून तो चिकटलेला. म्हणून तिच्या प्रश्नाला जी धार आहे ती चक्रधरांच्या समजुतीला नाही. स्वामी सांगतात, धरू नका. ती विचारते, तुम्ही सुटलात ते कसे? मला अजून तरी कोणी याचं उत्तर दिलेलं नाही. तुमच्याकडे असेल तर जरूर कळवा, पुढच्या अंकात छापू.

प्रश्न : मॅम, मी नांदेडला होस्टेलला आहे. मम्मी म्हणते पाळी म्हणजे इंद्राचं पाप बायकांनी घेतलं. इन्स्टावर म्हणतात की ती देवीची शक्ती आहे, त्या दिवसांत बाई सगळ्यात पवित्र असते. खरं काय?

उत्तर : मम्मीची गोष्ट जुनी आहे, यजुर्वेदाच्या तैत्तिरीय संहितेतली, पण ती अर्धीच सांगतात. इंद्राने देवांच्या पुरोहिताला, विश्वरूपाला मारलं, ब्रह्महत्या मागे लागली. त्याने ती तिघांत वाटली : पृथ्वी, झाडं आणि बायका. फुकट कोणी घेतलं नाही, तिघांनीही वर मागून घेतला. पृथ्वी म्हणाली, मला खणलं तर वर्षाच्या आत भरून येऊ दे. झाड म्हणालं, तोडलं तर पुन्हा फुटू दे. बायकांनी संतती मागितली. आता बघ, झाडाच्या वाट्याचं पाप चीक होऊन पाझरतं. लाल डिंक खाऊ नये असंही तिथे म्हटलंय. आणि आपण बाळंतिणीला डिंकाचे लाडू करून घालतो! झाडाचं पाप तुपात तळून खायचं आणि बाईचं पाप पडवीत बसवायचं. मम्मीला हे विचार, पण लाडू खाऊन झाल्यावर.

देवीचं म्हणशील तर आसामात कामाख्येला आषाढात अंबुबाचीचा मेळा भरतो. देवी रजस्वला होते, लाखोंनी लोक जातात. आणि मंदिर? तीन दिवस बंद. देवीलाही बाजूलाच बसवतात. उंच चौथऱ्यावर बसवणं आणि पडवीत बसवणं यांत अंतर तुला वाटतं तेवढं नाही. दोन्हीकडे तू नेहमीची तू नसतेस. परीक्षा असेल त्या दिवशी पाळी आली तर तुला पवित्र व्हायचं असतं, का पेपर सोडवायचा असतो?

प्रश्न : ताई, माझी शाळा चौथीपर्यंत. भाची लिहून देती. आम्ही बीड जिल्ह्यातले, दरसाल ऊसतोडीला कोयता घेऊन जातो. चार वर्सापूर्वी माझी गर्भाची पिशवी काढली, तवा मी बत्तीसची होते. अंगावरून जात होतं, पोट दुखायचं. डॉक्टर म्हणला काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल. मुकादमाने आगाऊ उचल दिली. आता पाळी नाही, सासू म्हणती बरं झालं, ऋषिपंचमी उजवून टाक. पण अंगातून वाफा निघत्यात, हाडं दुखत्यात, आणि हे अंग माझं नाही असं वाटतं. पिशवी गेली तर मी बाई राहिले का?

उत्तर : माझीही पिशवी काढलेली आहे. १९९९ साली, गाठी होत्या म्हणून, मी शेहेचाळीसची होते. ती हकिगत तुम्हाला सांगते, कारण तुम्ही विचारलं तेच मी दवाखान्याच्या खाटेवर पडून विचारत होते.

ऑपरेशन झाल्यावर बाहेर हाक आली, "नातेवाईक कोण?" आमचे हे पुढे गेले. त्यांना ट्रेमध्ये दाखवलं आणि मग मोरांब्याची असते तशी प्लॅस्टिकची बरणी हातात दिली. आत औषधाच्या पाण्यात माझी पिशवी. गावाच्या दुसऱ्या टोकाला लॅब, तिथे तपासायला नेऊन द्या म्हणाले. यांनी बरणी साडीच्या दुकानाच्या कापडी पिशवीत घातली, पिशवी स्कूटरच्या हुकाला अडकवली आणि साताऱ्यातून निघाले. पोवई नाक्याच्या अलीकडे भाजीवाली दिसली. सवयीने थांबले, अर्धा किलो गवार घेतली, आणि ती टाकायला पिशवी उघडली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं आपण काय नेतोय ते. गवार खिशात कोंबली. हे मला त्यांनी सहा महिन्यांनी सांगितलं. "पिशवीतली पिशवी," म्हणाले, आणि एवढा मोठा माणूस ढसढसा रडला. रिपोर्टात वजन होतं ३४० ग्रॅम. गवार जड होती.

मी खाटेवर पडून एक वाक्य पुरं करू बघत होते. मी इथे आहे आणि नाक्यापलीकडे लॅबच्या फळीवर मी... नाही, माझी... पुढे जमेना. वर्गात मी मिलिंद राजा आणि नागसेन भिक्खूची जुनी बौद्ध गोष्ट शिकवायची. राजा विचारतो, नागसेन म्हणजे केस का? नखं का? दात का? नाही. मग भिक्खू उलट विचारतो, रथ म्हणजे चाक का? आस का? तेही नाही. मी फळ्यावर रथाऐवजी बैलगाडी काढायची, पोरांना पटकन कळायचं. एकेक भाग पुसत जायचं आणि विचारायचं, गाडी कुठे गेली? मजा यायची. माझाच एक भाग पुसला जाऊन बरणीत बसला तेव्हा मजा आली नाही. मात्र एक कळलं. वाक्य अडलं होतं ते "मी" आणि "माझी" यांच्या मध्ये. पिशवी म्हणजे मी नव्हते, हे उघड होतं. पण ती घड्याळासारखी, पातेल्यासारखी "माझी"ही नव्हती. पातेलं हरवलं तर अंगातून वाफा निघत नाहीत. "हे अंग माझं नाही" असं तुम्हाला वाटतं, त्याला मी वेडेपणा म्हणणार नाही. आपलं अंग आपल्या मालकीची वस्तू नसतंच, म्हणून त्यातलं काही काढलं की हिशोब लागत नाही.

बाई राहिलात का? "पिशवी काढली" हे तुमच्या बाबतीत झालेलं एक काम. "मी बाई राहिले का" हे वाक्य तुमचं नाही, ते सासूच्या आणि गावाच्या तोंडून तुमच्यात आलंय. चाळिशी-पन्नाशीत सगळ्यांचीच पाळी जाते. माझी आजी ऐंशीव्या वर्षी घर चालवत होती, तिला कोणी विचारलं नाही बाई आहेस का म्हणून. विचारायची कोणाची छातीच नव्हती.

तुम्ही न विचारलेला एक प्रश्न मात्र मी विचारते. तुमची पिशवी कोणी काढली? माझी गाठींनी काढायला लावली, दोन डॉक्टरांना दाखवून, पगारी रजा घेऊन. तुमच्याकडे पाळीच्या दिवशी फडात गेलं नाही तर खाडा, खाड्याचे पैसे उचलीतून वजा, पालावर ना पाणी ना आडोसा, अंगावरून जाणारच. २०१९ साली सरकारने नेमलेल्या समितीने तुमच्या बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली, तर १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. एवढ्या सगळ्यांना कॅन्सर होणार होता का? मिरजेच्या मुख्याध्यापकांनी हे पत्र वाचावं. पाळीतली सक्तीची विश्रांती कोणाला मिळाली आणि कोणाची पाळीच कापून घेतली, तेही शास्त्रात बघावं.

ऋषिपंचमीचं तुमच्या मनावर. कहाणीतली बाई पाळीत भांड्यांना शिवली म्हणून कुत्री झाली आणि तिचा नवरा बैल. माझ्या आईने व्रत उजवलं, मी केलंच नाही. ऋषीची भाजी मात्र दरसाल करते. अळू, सुरण, लाल भोपळा, मक्याची कणसं घातलेली, फार छान लागते. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खात नाहीत. बैलाची आठवण ठेवणारं व्रत आहे, कोयता धरणारीची ठेवणारं अजून निघालेलं नाही.

आता कामाचं. अंगातल्या वाफा आणि हाडांचं दुखणं मनाचे खेळ म्हणून सोडू नका. पिशवीबरोबर दोन्ही बाजूच्या ओव्हरी, म्हणजे बीजकोश, काढले असतील तर तुमची पाळी जाण्याची वेळ एका दिवसात येऊन गेली, आणि बत्तिसाव्या वर्षी ते हाडांना महागात पडतं. ओव्हरी ठेवल्या असतील तरी कधीकधी त्या लवकर थकतात. दोन्हीवर औषध आहे. ऑपरेशन झालं तेव्हा घरी सोडताना एक कागद दिला असेल. पेटीत, रेशनकार्डाच्या पिशवीत, कुठे असेल तिथे भाचीला शोधायला सांगा आणि त्यात ओव्हरीबद्दल काय लिहिलंय ते बघा. तो घेऊन उपजिल्हा रुग्णालयात बाईडॉक्टरला दाखवा आणि हाडांबद्दल स्वतःहून विचारा. सापडला नाही तर तिथे सोनोग्राफी करून घ्या, ओव्हरी आहेत की नाहीत याचा अंदाज त्यात येतो. हे दसरा होऊन टोळी निघायच्या आत करा, एकदा पालावर गेलात की पाच-सहा महिने जमणार नाही. भाचीला अक्षर लागलं नाही तर कागदाची झेरॉक्स मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, पाकिटावर "बाईंना" एवढं लिहिलं तरी माझ्याकडे येईल. मी वाचून तुम्हाला कळवते.